भागूबाईंची घटना

कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला लागून खडकेवस्ती आहे. तिथे गेलं वर्षभर एक गोष्ट कानाशी लागून सांगितली जाते. भागूबाई घोलपांनी म्हणे पाणी-संस्थेच्या अध्यक्षांच्या तरण्याताठ्या पोराला, हर्षलला, भर दुपारी पंपघरात कोंडलं. बाहेरून कडी घातली, अडीच तास पाण्याचा थेंब दिला नाही, आणि संस्थेचा शिक्का हातात आल्यावरच दार उघडलं. सांगणारा बदलला की दाराचा बंदोबस्तही बदलायचा. भागूबाईंची शेजारीण मालनबाई सांगायची तेव्हा नुसती कडी असायची. चहाच्या टपरीवर त्या कडीला पितळी कुलूप लागायचं. आणि गोष्ट राहात्याच्या बाजारात पोचेपर्यंत तिथे साखळदंड आलेला असायचा.

भागूबाईंना कोणी तोंडावर विचारलं तर त्या एवढंच म्हणायच्या, "मी घटनेप्रमानं वागले." त्यानं संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढायचाच, कारण 'घटना' म्हटल्यावर माणूस विचारतो, कुठं घडली?

खुद्द भागूबाईंचाही हा घोटाळा बरीच वर्षं होता. त्या कोल्हारला एका अभ्यासिकेत झाडलोट करतात. स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी तिथे सकाळपासून बसतात आणि ओठ हलवत, मध्येच आवाज चढवत पाठांतर करतात. अकरा वर्षं बाकांखालून झाडू फिरवता फिरवता भागूबाईंच्या कानात जे पडलं ते निघालंच नाही. अमुक कलम, तमुक कलम, घटना समिती, घटना दुरुस्ती. त्यांनी मनाशी हिशोब लावला तो असा: दिल्लीला पूर्वी कधीतरी फार मोठी घटना घडली असणार. चौकशीला समिती बसली. आणि आरोपीवर तीनशे पंच्याण्णव कलमं लागली! गावात मारामारी झाली तर पोलीस दोन-तीन कलमं लावतात. इथे तीनशे पंच्याण्णव म्हणजे काय उत्पात केला असेल त्यानं!

एक दिवस न राहवून त्यांनी रुपाली नावाच्या विद्यार्थिनीला विचारलं, "का गं, त्या घटनेत मानसं किती दगावली?"

रुपालीनं पाच मिनिटं हसून घेतलं आणि मग समजावलं. घटना म्हणजे संविधान. कलम म्हणजे त्यातला नियम.

"म्हंजे कुनीच मेलं न्हाई?" भागूबाई जरा हिरमुसल्याच. पण त्या दिवसापासून त्या लक्ष देऊन ऐकू लागल्या. महिन्याभरानं रुपाली डोळे मिटून पाठ म्हणत होती आणि अडकली. "राष्ट्रपतींनी राजीनामा... राजीनामा..."

"उपराष्ट्रपतीकडं द्यायचा," बाकाखालून आवाज आला. "उपराष्ट्रपतीनं राष्ट्रपतीकडं. पाय उचल."

"आणि मावशी, दोघंही नसले तर कारभार कोणी बघायचा?"

"सरन्यायाधीशानं. त्येबी नसलं तर सर्वोच्च न्यायालयातला सगळ्यात ज्येष्ठ न्यायाधीश. पाय उचल म्हनलं ना! सगळा कचरा तुझ्याच खाली."

आता खडकेवस्तीच्या संस्थेबद्दल. प्रवरेतून पाणी उचलून एकेचाळीस घरांच्या रानात सोडणारी ही उपसा संस्था बावीस वर्षांपूर्वी निघाली. नोंदणीच्या वेळी साहेब म्हणाले, सात संचालकांत दोन बाया पाहिजेत. झाली का पंचाईत! शेवटी उपाध्यक्ष व्हायला निघालेले रामहरीतात्या भागूबाईंच्या गोठ्यात आले आणि म्हणाले, "भागू, नुसतं नाव दे. सभेला यायचीबी गरज न्हाई."

भागूबाईंनी नाव दिलं आणि पहिल्या सभेपासून एकही सभा चुकवली नाही. दर पाच वर्षांनी बाप्ये एकमेकांना पाडत राहिले. कोणी वर्षभर बोलायचं बंद, कोणी लग्नात पंगत सोडून उठलेला. बायांच्या जागेसाठी मात्र कोणी उभंच राहायचं नाही. म्हणून भागूबाई दर वेळी बिनविरोध. सभेत चहाचा ट्रे कोणी फिरवावा याबद्दल नियमात अक्षर नव्हतं, तरी तो त्यांच्याच हातात यायचा. त्यांनी तो बावीस वर्षं फिरवला आणि फिरवता फिरवता कोण काय बोलतं ते ऐकलं.

अध्यक्ष बन्सी खडके. पहिल्यापासून तेच. माणूस करडा, पण पाण्याला खोटा नाही. गेल्या एप्रिलच्या सुरुवातीला सकाळी दात घासता घासता ते अंगणात कोसळले. लकवा. उजवा हात गेला, वाचा गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उठतील, पण महिने लागतील. आणि उपाध्यक्ष रामहरीतात्या त्याआधीच्या पोळ्याला वारले होते. ती जागा भरायची राहून गेली होती. का राहिली? तिघांना ती हवी होती म्हणून.

अशा वेळी बन्सीरावांचा हर्षल पुढे झाला. पोरगा वाईट नव्हे. बाप आडवा पडल्यानं भ्यालेला होता आणि भ्यालेला तरुण जसा मोठ्यानं बोलतो तसा तो बोलायला लागला. जमीन वडलांच्या नावावर, त्यामुळे तो साधा सभासदही नव्हता. तरी त्यानं शिक्का खिशात घातला आणि मोबाईलच्या ग्रुपवर टाकलं: संस्थेत आणीबाणी लागू. अध्यक्षांच्या वतीने सर्व निर्णय हर्षलदादा घेतील. या आवर्तनाचे पाणी वरच्या अंगाने सुटेल.

आवर्तन म्हणजे धरणातून पाळीनं नदीत सुटणारं पाणी, आणि वरच्या अंगाला हर्षलचाच नऊ एकर ऊस. भागूबाईंचं रान सगळ्यात शेवटी, ओढ्याकडे. अठरा गुंठे घास, म्हणजे हिरवा चारा, आणि त्यावर जगणाऱ्या दोन गाई. एप्रिलच्या उन्हात घासाचं पाणी दहा दिवस हुकलं की मुळं करपतात; मग पुढचं पाणी मिळूनही उपयोग नाही. भागूबाईंच्या घरात पगार अभ्यासिकेचा, पण चूल पेटते ती दुधावर.

मंगळवारी दुपारी संस्थेचा मोटरवाला गोरक्षनाथ त्यांच्या बांधावर आला. त्याची मान खाली होती.

"भागूमावशी, आपला अर्ज इरिगेशननं माघारी दिला."

"सात नंबरचा, पानी-मागनीचा?"

"व्हय. हर्षलनं सही केलती. सायेब म्हनले, हा कोन? ज्याला अधिकार हाय त्याची सही आना, गुरवारी पाचच्या आत. हर्षलनं कुनाला सांगितलं न्हाई. म्हनतो, बन्सीदादाचा आंगठा घीन."

"कवा? दादाचा हात उचलत न्हाई."

"त्येच मी म्हनलं. तर म्हनला, तू मोटर बघ."

अर्ज गेला नाही तर नदीतलं आवर्तन समोरून वाहत जाणार आणि एकेचाळीस घरं काठावरून बघत बसणार. वरचं अंग काय न् खालचं अंग काय, सगळ्यांचंच तोंड कोरडं. भागूबाईंनी विळा गव्हाणीत टाकला.

"गोरख्या, संस्थेची घटना कुठाय?"

"कोन्ती घटना? काय झालं?"

"तुझंबी तसंच? अरं, नियमाचं पुस्तक! तात्यानं पुठ्ठ्यावर लिवलं हुतं न्हाई का, संस्थेची घटना?"

गोरक्षनाथाचा चेहरा पडला. ते पुस्तक स्टार्टरच्या पेटीखाली होतं. पेटी वाजायची म्हणून त्यानं सहा वर्षांपूर्वी एका कोपऱ्याला लावलं होतं. पुस्तक काढल्याबरोबर पेटी जी थरथरायला लागली ती अजून थांबलेली नाही.

सातवीपर्यंत शिकलेल्या भागूबाईंनी बोट ठेवून ठेवून वाचलं. संध्याकाळपर्यंत त्यांना तीन गोष्टी सापडल्या. अध्यक्ष गैरहजर असल्यास उपाध्यक्षानं, दोघेही नसल्यास ज्येष्ठ संचालकानं काम पाहावं. आणीबाणीच्या प्रसंगी अध्यक्षानं एकट्यानं निर्णय घेतला तर तो पुढच्या सभेत मंजूर करून घ्यावा, नाहीतर रद्द. आणि तातडीची सभा एक दिवसाच्या लेखी नोटिशीवर कोणत्याही दोन संचालकांना बोलावता येते. दुसऱ्या बाईच्या जागेवर मागाहून आलेल्या मालनबाई होत्याच. त्यांची सही घ्यायला भागूबाई गेल्या तेव्हा त्या पापड लाटत होत्या.

"भांडन होईल का?" मालनबाईंनी विचारलं.

"होईल."

"मंग आन कागद." मालनबाईंनी पिठाच्या हातानंच सही केली.

बुधवारी सकाळी नोटीस घेऊन भागूबाई हर्षलच्या दारात उभ्या राहिल्या. तो बुलेट पुसत होता.

"हर्षल, आनीबानी कुनी लावली?"

"मी. म्हंजे दादांच्या वतीनं."

"लेखी हाय?"

"काय लेखी?"

"दिल्लीत राष्ट्रपतीला आनीबानी लावायची म्हनली तर आदी मंत्रिमंडळाचं लेखी लागतं. तोंडी चालत न्हाई. चव्वेचाळीसावी दुरुस्ती. आन महिन्याच्या आत संसदेनं व्हय म्हनावं लागतं. तुझी संसद कुठाय?"

हर्षलनं फडकं खांद्यावर टाकलं. "काकू, तुमी अभ्यासिकेत झाडू मारता का लेक्चर देता?"

"झाडू मारते. म्हनून कोपऱ्यातलंबी सुटत न्हाई माझ्याकडून. ही घे नोटीस. उद्या दहा वाजता पिंपळाखाली. तू संचालक न्हाईस, पन ये. ऐकायला मनाई न्हाई."

हर्षलही काही दुधखुळा नव्हता. त्यानं ते नियमाचं पान रात्रीत कुठूनतरी पैदा केलं आणि त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवलं: ज्येष्ठ. ज्येष्ठ म्हणजे वयानं मोठा! आणि संचालकांत वयानं मोठे कोण, तर त्याचेच चुलते अजिनाथआबा. आबा अध्यक्ष झाले की शिक्का घरातच. गुरुवारी दहाला पिंपळाखाली तो आबांना गाडीवरून घेऊनच आला.

आता आबांची एक खासगी बाब सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि ती खासगी असल्यामुळे वस्तीवर सगळ्यांना माहीत आहे. आबा दर दुसऱ्या रविवारी केस काळे करतात. इतके काळे की बघणाऱ्याला डोळे बारीक करावे लागतात. वय विचारलं की बासष्ट सांगतात, आणि हे बासष्ट गेली आठ-दहा वर्षं जागचं हललेलं नाही.

पाच संचालक बसले. भागूबाई, मालनबाई, आबा, आणि हनुमंत व बजरंग हे दोघे, जे कोणत्याही सभेत आधी दुसऱ्यांचे हात मोजतात आणि मग आपला वर करतात. बाकी वस्ती भोवती उभी.

"ज्येष्ठ म्हंजे वयानं," हर्षल म्हणाला. "आबा सगळ्यात मोठे. विषय संपला."

"सांगा आबा, वय किती?" मालनबाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

आबा पिंपळाकडे बघायला लागले.

"न्हाई म्हंजे, नोंद करावी लागंल," मालनबाई म्हणाल्या. "मागल्या लग्नात तुमी बासष्ट म्हनला हुता. हा हनुमंत तर सदुसष्ट वर्साचा हाय. मंग अध्यक्ष त्योच की."

हनुमंतानं दचकून दोन्ही हात खाली घेतले. लोक हसायला लागले. पण भागूबाई हसल्या नाहीत. पाचच्या आत कचेरी गाठायची होती.

"आबांची चेष्टा नगा करू," त्या म्हणाल्या. "वय किती का असंना, वयाचा इथं संबंध न्हाई. सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ न्यायाधीश ठरवत्यात त्यो केस पिकल्यावर न्हाई ठरवत. न्यायाधीश म्हनून तिथं आदी कोन आला, ते बघत्यात. ह्यो आपला हजेरीचा पयला कागद. बघा सया. बन्सीदादा, रामहरीतात्या, आन तिसरी सही कुनाची?"

तिसरी सही मोठ्या, वाकड्या अक्षरात होती. भागूबाई ज्ञानदेव घोलप. त्या सभेला हजर असलेल्यांपैकी, अंथरुणावरचे बन्सीराव सोडले तर, आज संचालक म्हणून दुसरं कोणीच उरलं नव्हतं.

आबांनी तो कागद हातात घेतला, चष्मा नव्हता म्हणून लांब धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "चौऱ्याहत्तर."

"काय?" हर्षल म्हणाला.

"वय. चौऱ्याहत्तर. लिवा काय लिवायचं ते. एवढ्या लोकांत इचारलं, आता काय लपवायचं." त्यांनी कागद परत दिला. "भागू, मी ह्या संस्थेत पाच वर्साखाली आलो. माझी सही तो सायेब मानंल का न्हाई ठावं न्हाई. तुझी मानंल?"

"मानंल."

"छातीठोक सांगतीस?"

"त्यानंच सांगितलंय, ज्याला अधिकार हाय त्याची सही आना. अधिकार कुनाचा ते ह्या दोन कागदांत हाय. वाचून दावते त्याला."

"मंग तूच कर." आबांनी हात वर केला. मालनबाईंचा होताच. तिसरा भागूबाईंचा. तीन झाले हे बघून हनुमंत आणि बजरंग यांनीही एकमतानं आपापला हात हवेत सोडला. दुसरा ठराव आणीबाणी नामंजूर केल्याचा. तोही पाच-शून्य.

हर्षल उठला आणि नदीकडे पंपघरात निघून गेला. शिक्का त्याच्याच खिशात.

बारा वाजले. शिक्क्याशिवाय अर्ज म्हणजे कोरा कागद. हनुमंत म्हणाला पोलिसांत जाऊ. बजरंग म्हणाला पोरांना घेऊन जाऊ. भागूबाई म्हणाल्या, "कुनी काय करायचं न्हाई. बायांनू, भाकऱ्या आना." आठ-नऊ बाया भाकऱ्या, ठेचा, कांदा घेऊन पंपघरापाशी गेल्या आणि तिथेच उंबऱ्याशी जेवायला बसल्या. साडेबारा ते तीन. पुढे कुलपं चढली ती याच अडीच तासांवर.

आत हर्षल पालथ्या घातलेल्या ड्रमवर बसला होता. स्टार्टरची पेटी थरथरत होती. पहिला तासभर तो मोबाईल बघत राहिला. मग त्यानं तिथूनच आवाज दिला.

"काकू, दादा बरे झाले, आन त्यांनी इचारलं खुर्ची कुठाय, तर मी काय सांगू?"

भागूबाईंचा घास हातातच राहिला. पोरगा इतके दिवस कशासाठी नाचत होता ते त्यांना आत्ता कळलं.

"हर्षल, नीट ऐक," त्या म्हणाल्या. "राष्ट्रपती वारले, न्हाईतर राजीनामा दिला, तर जागा रिकामी होती. सहा महिन्यांत निवडनूक घ्यावी लागती. पन आजारी पडले तर जागा रिकामी होत न्हाई. दुसरा नुसतं काम बघतो. बरे झाले की त्यांचं काम त्यांना. दोन निराळे नियम हायती. तुझा दादा आजारी हाय, जित्ता हाय. तू त्याच्या खुर्चीवर बसायला निघालास. त्यो गेल्यावानी तूच वागलास. मी बसत न्हाई. मी सही करते."

आत हर्षलनं मोबाईल खिशात घातला.

"प्रभारी लिवाल ना?" हर्षलनं विचारलं.

"मोठ्या अक्षरात लिवीन."

तीन वाजता शिक्का बाहेर आला. हर्षलनं तो स्वतः भागूबाईंच्या हातात ठेवला, आणि मालनबाईंनी दिलेली भाकरी नको नको म्हणत दीड खाल्ली. भागूबाई गोरक्षनाथाच्या मागे गाडीवर बसल्या. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरनं रस्ता अडवला होता. दोन जोडलेल्या ट्रॉल्या, त्यातली एक चाक निखळून आडवी. गोरक्षनाथ म्हणाला, आता राहिलंच. भागूबाई उतरल्या, लुगडं खोचलं, अर्ज छातीशी धरला आणि उसातून चालत पलीकडे गेल्या. पलीकडे एका टेम्पोला हात केला. कचेरीत पोचल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाचला अकरा मिनिटं कमी होती.

"कोण तुम्ही?" कारकुनानं विचारलं. टेबल आवरून तो डबा पिशवीत घालत होता.

"प्रभारी अध्यक्ष."

त्यानं वर पाहिलं. उसाच्या पाचटानं हात ओरबाडलेले, पदराला धूळ. "म्हणजे?"

"म्हंजे अध्यक्ष आजारी, उपाध्यक्ष मयत, ज्येष्ठ संचालक मी. हा नियम, हा ठराव, ह्यो बावीस वर्साखालचा हजेरीचा कागद. आन ह्यो अर्ज. आता पोच द्या."

"उद्या आलात तर—"

"उद्या मुदत संपलेली असंल. घड्याळ तुमचंच हाय, बघा."

त्यानं डबा बाजूला ठेवला, कागद वाचले, दोनदा वाचले आणि पोच दिली.

आवर्तन सुटलं. नियमाप्रमाणे एका वेळी पाणी वरून, पुढच्या वेळी खालून; मागच्या खेपेला वरून झालं होतं, म्हणून या खेपेला पहिलं पाणी खालच्या टोकाला, म्हणजे भागूबाईंच्या घासाला. लोक कुजबुजले, बघा, आधी स्वतःचं! भागूबाईंनी लाजून पाळी कोणाला देऊन टाकली नाही. नियम होता, त्यांनी घेतलं. त्यानंतर ओळीनं एकेचाळीस रानं भिजली, हर्षलचा ऊस शेवटी, पण भिजला. बन्सीराव ऑगस्टमध्ये काठी टेकत सभेला आले, त्या दिवशी भागूबाईंनी शिक्का त्यांच्या डाव्या हातात दिला आणि 'प्रभारी' शब्द वहीतून खोडला. उपाध्यक्षाची जागा त्याच सभेत भरली. उमेदवार एकच होता आणि तो बाईच्या राखीव जागेवरचा, बावीस वर्षं चहा फिरवणारा होता.

राहिली ती कडी-कुलपाची गोष्ट. खरं असं आहे: पंपघराच्या दाराच्या फळ्या नवी मोटर आत घेताना काढल्या होत्या, त्या आजतागायत बसवलेल्या नाहीत. बाया उघड्या चौकटीत जेवत होत्या आणि हर्षलला त्यांना ओलांडून जायची लाज वाटली.